कार्बन व्हील्स घ्यायची का? बजेट 60 हजारांच्या आसपास

घाटवेडा_पुणे
मंडळी, डिस्क ब्रेकवाली रोड बाईक (पातळ टायरची वेगवान सायकल) आहे, कंपनीची ॲल्युमिनियमची चाकं, जोडी 1900 ग्रॅम भरते. पूर्वी कार्बनचं नाव काढलं की लाख-दीड लाख ऐकायला यायचं म्हणून नाद सोडला होता, पण आता ग्रुपमधल्या दोघांनी चीनमधून 50 मिमी खोल रिमची मागवलीत, 1450 ग्रॅम, आणि चक्क माझ्या बजेटमधे. एवढी स्वस्त कशी झाली, काही गोलमाल तर नाही ना? माझं म्हणजे सिंहगड आणि अधूनमधून बीआरएम (ठरलेल्या वेळेत पूर्ण करायची लांब पल्ल्याची राइड). वजन 75.

कॅडन्स९०
गोलमाल कसला रे, बड्या ब्रँडच्या बऱ्याच रिम्स आधीपासून तैवान-चीनमधेच बनतात, शियामेनचे कारखानदार आता स्वतःच्या नावाने थेट गिऱ्हाइकाला विकतात एवढंच. पण खरी मजा डिस्कने आणली. रिम ब्रेकमधे पॅड रिमवरच घासणार, लांब उतारावर रिम तापून रेझिन (कार्बनचे धागे धरून ठेवणारा चिकट पदार्थ) मऊ पडायचं आणि कडा फुगायच्या, त्यामुळे भारी रेझिन, ब्रेकच्या पट्ट्याची वेगळी कटकट, सगळा खर्चच. 2018 मधे यूसीआयने (सायकल शर्यतींची जागतिक संघटना) शर्यतीत डिस्कला पक्की परवानगी दिली आणि ते झंझट गेलं. आता रिमचा आकार फक्त हवा आणि टायर बघून ठरवतात. आतली रुंदी 15 मिमी असायची ती 21-23 झाली, 28 मिमीचा टायर मस्त बसतो. जुन्या व्ही आकाराच्या रिम्स बाजूच्या वाऱ्यात हँडल हिसकायच्या, आताच्या बोथट असतात, तेवढा त्रास नाही.

पंक्चरकाका
सिंहगडासाठी घेत असशील तर आधी हिशोब कर बाबा. तू अधिक बाईक 85 किलो धर, 450 ग्रॅम वाचले म्हणजे अर्धा टक्का. 45 मिनिटांत चढत असशील तर फार तर 14 सेकंद. चाकाचं वजन दुप्पट धरायचं म्हणतात ते वेग पकडताना, एका लयीत चढताना नाही. सपाटीला ताशी 30 किमीच्या वर फायदा आहे, मान्य. पण कंपनीचे तारेचे (कडेत स्टीलची तार असलेले) टायर अजून तसेच असतील तर आधी ते काढ, कॉन्टिनेंटलच्या जीपी5000 सारखे हलके पळणारे टायर घातलेस तर दोन्ही मिळून 10-15 वॉट सहज वाचतात आणि खर्च चाकांच्या पाव हिश्शाएवढासुद्धा नाही.

घाटवेडा_पुणे
टायर तेच आहेत काका 🙈 आणि हे हुकलेस काय प्रकरण आहे?

सासवड_लूप
रिमच्या आतल्या कडेला टायर धरणारा हुक नसतो, साचा सोपा होतो म्हणून बनवायला स्वस्त. पण हवेची मर्यादा 5 बार, म्हणजे साधारण 72 पीएसआय, आणि टायरही हुकलेस चालणाराच लागतो. 2024 च्या यूएई टूर शर्यतीत थॉमस दे गेंट या रेसरचा टायर रिमवरून निघाला तेव्हा केवढा गदारोळ झाला होता. तुझ्या वजनाला 28 मधे 70 च्या आत भागेल, तरी मी हुकवालीच घेईन, पंपाच्या काट्यावर कोण विश्वास ठेवणार.

अजून एक, कार्बनचे स्पोक टाळ. दिसतात भारी, पण एक तुटला की बस वाट बघत. साधे स्टीलचे असले की आपला कोपऱ्यावरचा मेकॅनिकही आऊट काढून (डगमगणारं चाक सरळ करून) देतो. आणि ॲल्युमिनियमची रिम खड्ड्यात वाकते, ठोकून चालवता येते, कार्बन तडकली की गेलीच. बीआरएमला रात्री बिनलाइटच्या रस्त्यावर हे आठवेल तुला.

कॅडन्स९०
तुझ्या सायकलला चाक धरणारा दांडा थ्रू ॲक्सल आहे की क्विक रिलीज ते बघूनच ऑर्डर दे, फ्रीहब (मागच्या चाकावर गिअरच्या चकत्या, म्हणजे कॅसेट बसते तो भाग) तुझ्या कॅसेटचा आहे ना तेही. आणि वेबसाइटवरच्या किमतीत कस्टम ड्यूटी नसते हां.

पंक्चरकाका
वॉरंटीत परत पाठवायची वेळ आली तर कुरिअरचे पैसे कोण देणार, ते आधी मेलवर लिहून घे.