हाय प्रेशर गॅस वेल: वायरलाइन गन (केबलवर सोडलेली) की टीसीपी (ट्युबिंगला लावून नेलेली)? प्रोजेक्ट अडकलाय

पंचवटीकर_पेट्रो:
नमस्कार मंडळी, मी नाशिकचाच, पुण्यात पेट्रोलियमच्या शेवटच्या वर्षाला आहे. प्रोजेक्टला कागदावरची विहीर दिलीये, ४००० मीटर खोल, रिझर्व्हॉयर प्रेशर ९००० पीएसआय, टेम्परेचर १६० डिग्री, सगळा गॅस, झोन (गॅसचा थर) ३५ मीटरचा. केसिंग (विहिरीचा बाहेरचा स्टीलचा पाइप) सिमेंट झालंय असं धरायचं. मी लिहिलं की जड मड (चिखलासारखं द्रव) भरून वायरलाइनने गन, म्हणजे केसिंगला भोकं पाडणारे स्फोटक चार्ज, सोडू, फायर करू आणि मग निवांत ट्युबिंग (गॅस वर आणणारा आतला पाइप) उतरवू. गाईड नुसते हसले!! घरी विचारलं तर बाबा म्हणे आपल्या बोअरला ३०० फुटांवर पाणी लागेना, तू गॅसचं काय घेऊन बसलास.

रिटायर्ड_रिगवाला:
हसणारच रे. मी इंदिरानगरला असतो, आयुष्य ऑफशोअरला गेलं आणि आता सोसायटीवाले मला पाण्याचे पॉइंट विचारतात, असो. हिशोब कर, गॅसचं प्रेशर नुसतं बॅलन्स करायलाच साधारण १.५८ ग्रॅव्हिटीचा (पाण्याच्या १.५८ पट जड) मड लागतो, त्याच्या वर मार्जिन. चार्जने भोक पाडलं की आजूबाजूचा दगड चुरला जातो, आणि ओव्हरबॅलन्समध्ये (मडचं प्रेशर गॅसपेक्षा जास्त) मड तो भुगा बाहेर येऊ देत नाही, उलट आत दाबून बसवतो. त्यात तू झोन उघडा ठेवून ट्युबिंग उतरवणार, म्हणजे भरवसा फक्त मडचा आणि बीओपीचा (विहिरीच्या तोंडावरचे सेफ्टी व्हॉल्व्ह), गॅसने किक दिली, म्हणजे विहिरीत घुसला, की धावपळ. आता उलटं बघ. टीसीपी गन ट्युबिंगच्या खालच्या टोकाला लावून पॅकरसकट (ट्युबिंग आणि केसिंगमधली फट बंद करणारं सील) एकाच ट्रिपमध्ये खाली ने, पॅकर सेट कर, ख्रिसमस ट्री (वरच्या तोंडावरचा व्हॉल्व्हचा संच) बसव, मगच फायर. ट्युबिंगमध्ये नुसतं पाणी ठेवलंस तरी तळाला ५७०० च्या आसपास पीएसआय, म्हणजे ३३०० चा अंडरबॅलन्स (विहिरीतलं प्रेशर गॅसपेक्षा तेवढं कमी), गॅस स्वतःच भुगा बाहेर फेकतो. वेल किल करायची (जड मड भरून गॅस दाबायची) वेळच येत नाही.

सातपूरचा_फिटर:
काकांचं बरोबर, पण वायरलाइनला एवढं पण नावं ठेवू नका. आधी कम्प्लिशन करून (ट्युबिंग, पॅकर, ट्री बसवून) ट्युबिंगमधून बारीक गन सोडता येते, वर लुब्रिकेटर (प्रेशर धरून केबल आत सोडणारा पाइप) लावून. ५ मीटरचा झोन असता तर मीच म्हटलं असतं कर. पण ३५ मीटरला किती रन करणार, अंडरबॅलन्सचा फायदा पहिल्याच रनला, आणि जास्त ठेवला तर गन वरती उडते आणि केबलचा जो गुंता होतो ना तो सोडवायला फिशिंगवाले (विहिरीत अडकलेलं सामान काढणारे) बोलवावे लागतात. बारीक गनचं पेनिट्रेशन पण कमी.

रिटायर्ड_रिगवाला:
हो, आणि पोरा टेम्परेचर विसरू नकोस. १६० डिग्रीला चार्जमधलं स्फोटक आरडीएक्स असेल तर तासभर कसाबसा टिकेल, टीसीपीत गन दिवस दिवस खाली बसते, पॅकर आणि ट्री होईपर्यंत. एचएमएक्स हे दुसरं स्फोटक पण काठावर, जास्त उष्णता सोसणाऱ्या एचएनएसचा चार्ट बघ. शॉट डेन्सिटीत (दर मीटरला किती भोकं) कंजुषी नको, भोकं कमी तर प्रत्येकातून गॅस जास्त वेगाने येतो आणि टर्ब्युलन्समध्येच प्रेशर खाल्लं जातं. ट्युबिंगला गॅसटाइट प्रीमियम थ्रेड, साधे थ्रेड गॅसला दाद देत नाहीत. ट्री १०,००० पीएसआयचं, कारण वेल बंद केली की गॅसचा कॉलम हलका, वर ७००० च्या पुढे दिसेल.

पंचवटीकर_पेट्रो:
काका दंडवत 🙏 फायर झाल्यावर गन रॅटहोलमध्ये (झोनच्या खालचा विहिरीचा जादा भाग) टाकून देऊ असं लिहितो. पण डेटामध्ये रॅटहोल १२ मीटरच आहे...

सातपूरचा_फिटर:
३५ मीटरची गन १२ मीटरमध्ये कशी झोपणार भावा 😂

रिटायर्ड_रिगवाला:
मग गन लटकतीच राहणार आणि पुढे झोनमध्ये लॉगिंग टूल (मोजमापाचं यंत्र) जाणार नाही. नाहीतर ड्रिलिंगमध्येच अजून ३०-४० मीटर मागून घे. नाहीतर गाईड यालाही हसतील.