रेकॉर्ड प्लेअरच्या जुन्या कार्ट्रिजला (सुई बसवलेला भाग) आर्म (तो धरणारी दांडी) जुळवताना माहितीपत्रकातले आकडे प्रमाण मानावेत का?

तबकडीवेडा
माझ्या मते मानावेतच. आर्मचं इफेक्टिव्ह मास (हलताना जाणवणारं वजन) आणि कार्ट्रिजचा कंप्लायन्स (सुईच्या आधाराचा मऊपणा) जुळत नसेल, तर कार्ट्रिज कितीही नावाजलेलं असो, जोडी फुकट. आर्म, कार्ट्रिज आणि स्क्रू यांच्या एकूण ग्रॅमना कंप्लायन्सने गुणा, वर्गमूळ काढा आणि १५९ ला त्याने भागा. उत्तर म्हणजे अनुनाद, आर्म आपोआप थरथरतो ती वारंवारता; ते ८ ते १२ हर्ट्झमध्ये बसलं पाहिजे. खाली गेलं की जरा वाकलेल्या रेकॉर्डवरसुद्धा आर्म डुलतो आणि वूफर (खर्जाचा स्पीकर) आत-बाहेर हलत राहतो. शुअर व्ही-१५ टाइप ३ या कार्ट्रिजचं वजन ६ ग्रॅम, स्क्रूंचा १, कंप्लायन्स ३० धरा. १२ ग्रॅमच्या आर्मवर अनुनाद ६.७ हर्ट्झवर येतो, एसएमई ३००९ सिरीज ३ या आर्मच्या ५ ग्रॅमवर ८.४. सत्तरच्या दशकातल्या मऊ कार्ट्रिजांना हलकाच आर्म हवा.

खर्ज
अजिबात पटलं नाही. ते ३० नव्या सुईचे. सुईला आधार देणारं आतलं रबर इतक्या वर्षांत कडक होतं. कंप्लायन्स १५ वर आला असेल तर तुमच्या १२ ग्रॅमच्या आर्मवरच ९.४ हर्ट्झ मिळतात, आणि हलका आर्म ११.९ वर, म्हणजे अगदी काठावर जातो!
शिवाय सगळे आकडे एका मापाचे नसतात. डेनन डीएल-१०३ कार्ट्रिजचा ५ हा कंप्लायन्स १०० हर्ट्झला मोजलेला आहे. तोच सूत्रात घातला की १२ ग्रॅमच्या आर्मवर १५ हर्ट्झ येतात आणि लोक घाबरून हेडशेलवर (आर्मचं कार्ट्रिज बसवायचं टोक) वजनं चढवतात. १० हर्ट्झला तो साधारण दीड ते दुप्पट असतो. १० धरा, उत्तर १०.८ येतं. हा घोळ मला फार खटकतो, कारण त्यापायी चांगल्या जोड्या मोडल्या जातात.

तबकडीवेडा
डेननचं मान्य. पण रबर कडक झालं म्हणून जड आर्म शोधायचा, हे चूक आहे. टाइप ३ एक ग्रॅमच्या आसपासच्या ट्रॅकिंग फोर्सवर (सुईचा रेकॉर्डवरचा भार) चालायला घडवलंय. कडक रबराची सुई त्या भारात जोरकस जागी खोबणीत टिकत नाही, आवाज फाटतो, रेकॉर्डही झिजते. अनुनादाचा आकडा सुंदर दिसला तरी मी ती सुई लावणार नाही. मूव्हिंग मॅग्नेट जातीचं कार्ट्रिज आहे, सुई ओढून काढा आणि नवी बसवा.

खर्ज
बसवा, पण मग कंप्लायन्स त्या नव्या सुईचा, शुअरच्या पत्रकातला नव्हे. माझं म्हणणं तेच तर आहे!

सिलिकॉन
दोघेही कागदावर भांडताय. टेस्ट रेकॉर्ड लावा, आर्म कुठल्या हर्ट्झवर थरथरतो ते आडवं आणि उभं दोन्ही दिशांना बघा. आणि डॅम्पिंग, म्हणजे थरथर शमवणं, विसरू नका. १९७८ च्या व्ही-१५ टाइप ४ ला शुअरने पुढे ब्रश दिला तो नुसती धूळ झाडायला नव्हे, आर्मचं डुलणं आवरायलाही. फक्त लक्षात ठेवा, अर्धा ग्रॅम भार ब्रशच घेतो, म्हणून ट्रॅकिंग फोर्स तेवढा जास्त लावा.

तबकडीवेडा
मोजायला हरकत नाही. पण आर्म विकत घेण्याआधी मोजणार कशावर? तिथे सूत्रच लागतं.