कर्मचाऱ्यांची ‘धारणा’? रिटेन्शनला चांगला शब्द हवा आहे

गोदाकाठ
परभणी-हिंगोलीकडच्या आरोग्य कर्मचाऱ्यांवर एक अभ्यास चालू आहे. प्राथमिक आरोग्य केंद्रांत, उपकेंद्रांत माणसं का थांबत नाहीत, हा विषय. त्याची प्रश्नावली मराठीत आणायचं काम माझ्याकडं आलंय. ‘रिटेन्शन’ म्हणजे माणसं नोकरीत धरून ठेवणं. त्यासाठी परिभाषेतला ‘धारणा’ शब्द घेतला आणि प्रश्न असा झाला: “कर्मचारी धारणेवर कोणकोणत्या गोष्टींचा परिणाम होतो?” छापायच्या आधी सहा जणींकडून भरून घेतली. चौघींनी गर्भधारणेबद्दल लिहिलं! प्रसूती रजा मिळते, पण जागेवर दुसरं कुणी येत नाही, सातव्या महिन्यात लसीचा डबा घेऊन वाडीवर चालत जावं लागलं, असं सविस्तर. पाचवीनं धारणा म्हणजे समजूत असं धरून लोक नर्सबद्दल काय समजतात ते लिहिलं. सहावीनं जागा कोरी सोडली. रोज गरोदर बायांच्या नोंदी ठेवणाऱ्या बाईनं ‘धारणा’ वाचून दुसरं काय समजायचं? शब्द सुचवा. सोमवारी छपाईला द्यायचंय.

शब्दवेल्हाळ
शब्दात चूक नाही. धृ धातू, धरून ठेवणे हाच अर्थ. जमीन धारणेवर कमाल मर्यादा घालणारा १९६१ चा कायदा सहा दशकं वापरात आहे, तिथं कुणाचा घोटाळा होत नाही. परिभाषा वापरल्याशिवाय रुळत नसते. प्रश्नाखाली एका ओळीत अर्थ द्या.

मांजराकाठ
जमीन जागची हलत नाही, म्हणून ती धारण करता येते. माणूस कसा धारण करणार? आमच्या लातूरकडं सरळ म्हणतात, “दवाखान्यात डॉक्टर टिकंना गेलाय.” टिकणे घ्या आणि मोकळे व्हा.

गोदाकाठ
टिकणे मीही आधी लिहून पाहिलं. अडचण नामाची आहे. ‘टिकाव’ म्हटलं की ‘टिकाव लागणे’ आठवतं, म्हणजे कुस्ती किंवा संकट. ‘टिकाऊपणा’ चपलेचा. पूर्ण प्रश्नावलीत हा शब्द अकरा वेळा आहे, त्यामुळं नाम लागणारच.

परभणीकर
उलट बाजूला ‘गळती’ आहे, तो शब्द शाळेमुळं सगळ्यांना कळतो. “कर्मचारी गळती का होते?” असं विचारा. तुटवड्याला मात्र ‘टंचाई’ लिहू नका. आपल्याकडं टंचाई म्हटलं की फक्त टँकर दिसतो.

बालाघाट
गोदाकाठ, तुम्ही नाम शोधताय, पण खरा पेच क्रियापदात आहे. टिकणे आणि टिकवणे यांत कर्ता बदलतो. “डॉक्टर टिकत नाही” म्हटलं की दोष डॉक्टरच्या अंगावर: त्याला शहर हवं, त्याच्या बायकोला करमत नाही, मुलांना इंग्रजी शाळा हवी. “डॉक्टर टिकवला जात नाही” म्हटलं की विचारावं लागतं, कोण टिकवत नाही? इंग्रजी ‘रिटेन्शन’मध्ये हा दुसरा, टिकवण्याचा अर्थ आहे. जागतिक आरोग्य संघटनेनं २०१० साली दुर्गम आणि ग्रामीण भागासाठी या विषयावर शिफारशी काढल्या, २०२१ मध्ये त्या नव्यानं मांडल्या. त्यांचे चार गट आहेत: शिक्षण, नियम, पैशाचं प्रोत्साहन आणि व्यक्तिगत-व्यावसायिक आधार. चारही गोष्टी यंत्रणेनं करायच्या आहेत. ग्रामीण भागातल्या मुलांना वैद्यकीय शिक्षणात घ्या, महाविद्यालयं मोठ्या शहरांबाहेर काढा, राहायला नीट घर द्या. अंबाजोगाईचं ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालय आपल्या डोळ्यांसमोर आहे, त्याच्या नावातच ‘ग्रामीण’ आहे. तेव्हा मराठीत ‘टिकणे’ लिहिलंत तर अभ्यासाचा प्रश्नच उलटा होतो. ‘टिकवून ठेवणे’ लिहा. दोन शब्द झाले तर होऊ द्या.

निवृत्त सिस्टर
मी बहुधा पहिल्यांदाच लिहीत आहे इथं, नेहमी वाचते. १९८७ ला जिंतूर तालुक्यात उपकेंद्रावर रुजू झाले. इमारत नव्हती, भाड्याची एक खोली, तिथंच लसीकरण, तिथंच बाळंतपण, तिथंच माझी चूल. पहिले तीन महिने गावातल्या म्हाताऱ्या येताजाता विचारायच्या, “करमतंय का गं बाई?” वर्षानं तोच प्रश्न बदलला. “रुळलीस की आता!” म्हणायच्या. मला कुणी ‘टिकलीस’ म्हटलं नाही आणि टिकवलं असंही म्हणता येणार नाही. वरच्या ऑफिसातून नऊ वर्षांत माझ्या खोलीवर कुणी पाहायला आलं नाही. मला ठेवून घेतलं ते गावानं. पाण्याची घागर शेजारीण भरून द्यायची, रात्री दुसऱ्या वाडीवर बाळंतपणाला जायचं तर कंदील घेऊन दोन माणसं सोबत यायची. ‘रुळणे’ हा शब्द बघा.

मांजराकाठ
सिस्टर, ‘रुळणे’ फार सुरेख. पायवाट रुळते, सून रुळते, शब्द रुळतो.

हिंगोलीची
माझा या शब्दाला विरोध आहे, राग मानू नका. सून रुळते म्हणजे ती तक्रार करायची थांबते. नर्स नोकरीला आली आहे, नांदायला नाही. जगभरात आरोग्य आणि समाजसेवेच्या कामात ७० टक्के बायका आहेत. त्यांच्या नोकरीसाठी सासरचा शब्द आणला की घर दिलं नाही, सुरक्षा दिली नाही, तरी ‘रुळली नाही’ म्हणून तिलाच नावं ठेवता येतात. मी स्वतः कंत्राटी होते. ११ महिन्यांचं पत्र, मग एक दिवस खंड, मग पुन्हा पत्र. गाव सोडायची माझी इच्छा नव्हती. मी टिकायला तयार होते, पद टिकत नव्हतं. बालाघाट यांचं ‘टिकवणे’ मला त्यासाठी पटतं.

निवृत्त सिस्टर
ताई, तुमचं बरोबर आहे. माझी नोकरी कायम होती, म्हणून मला रुळता आलं. हे लिहिताना लक्षात आलं नव्हतं.

परभणीकर
आणि आशाताईंचं काय? २००५ पासून हजार लोकसंख्येमागे एक. त्या गावातल्याच आहेत, गावातल्या सुना आहेत, कुठं जाणार? त्यांच्या बाबतीत टिकण्याचा प्रश्नच येत नाही, म्हणून त्यांना ‘स्वयंसेविका’ म्हणून कामावर आधारित मोबदला. २०२२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनं त्यांचा गौरव केला. तरी पगार शब्द कागदावर नाही. याच धाग्यात ‘मोबदला’, ‘मानधन’, ‘वेतन’ यांतला फरक बोलला पाहिजे. मानधन पाहुण्या वक्त्याला देतात.

शब्दवेल्हाळ
तो वेगळा धागा काढा. इथं शब्द रिटेन्शनचा आहे. टिकवणे चालेल, पण नाम ‘टिकवणूक’ होईल का? फसवणूक, अडवणूक, पिळवणूक… ‘णूक’ लागलेले शब्द बहुतेक छळाचेच.

बालाघाट
वागणूक, शिकवणूक, सोडवणूक, करमणूकही आहेत. टिकवणूक कानाला नवा आहे, पण कळतो. एक शंका: टिकणे आणि ठिकाण एकाच मुळाचे असतील का? जिथं टिकतो ते ठिकाण.

शब्दवेल्हाळ
ओढून आणलेलं वाटतं. ट आणि ठ इतक्या सहज बदलत नाहीत. गुजरातीत टकवुं, हिंदीत टिकना, दोन्हीकडं ट. ठाणं मात्र नक्की ‘स्थान’पासून.

हळदीचं शेत
सरकारी कागदावर या सगळ्याला एकच शब्द आहे, तो कुणी काढला नाही: ‘मुख्यालयी राहणे’, म्हणजे नेमणुकीच्या गावीच मुक्काम. ग्रामसभेत दर वर्षी त्यावरच भांडण. सिस्टर मुख्यालयी राहत नाहीत, ग्रामसेवक राहत नाही, गुरुजी राहत नाहीत, सगळे अपडाऊन करायलेत.

मांजराकाठ
‘मुख्यालयी’ची सप्तमी जपायला हवी. घरी, गावी, दारी, मुख्यालयी. बोलण्यातून हा प्रत्यय चाललाय, निदान परिपत्रकात उरलाय.

हिंगोलीची
प्रत्यय जपा, पण मुख्यालयी क्वार्टर पण बांधा. आमच्या क्वार्टरला दार होतं, कडी नव्हती. अपडाऊन करणारी प्रत्येक जण कामचुकार नसते. मी रोज दोन बस बदलून वेळेवर पोचत होते. प्रश्नावलीत ‘मुख्यालयी राहता का?’ असा प्रश्न टाकाल तर खरं उत्तर मिळणार नाही. नोकरीच्या भीतीनं सगळ्या ‘हो’ लिहितील.

हळदीचं शेत
खरं आहे. पण रात्री दोन वाजता माझ्या भावजयीच्या पोटात दुखायला लागलं तेव्हा उपकेंद्राला कुलूप होतं. त्या वेळेला आम्ही काय समजून घ्यायचं?

गोदाकाठ
दोघांचंही वाचलं. आता मी एका प्रश्नाचे दोन करते: “तुम्हाला या ठिकाणी राहून काम करावंसं वाटतं का?” आणि “तुम्हाला टिकवून ठेवण्यासाठी काय केलं गेलं?” मथळ्यात नाम लागतंच, तिथं तूर्त ‘टिकवणूक’ लिहिलंय. ‘मुख्यालयी’ कुठंच नाही, त्याऐवजी “रात्री कुठं मुक्काम असतो, आणि तिथं का?” असं विचारलंय. पहिल्या चौघींनी गर्भधारणेबद्दल जे लिहिलं, त्यासाठी वेगळा प्रश्न घातला. मूळ इंग्रजीत तो नव्हता.

शब्दवेल्हाळ
टिकवणूक मला अजून मान्य नाही.

परभणीकर
मानधनाचा धागा काढलाय, तिकडं या.

हळदीचं शेत
देगलूर, उदगीर भागातलं कुणी आहे का इथं? तिकडं ‘अपडाऊन’ला काही वेगळा शब्द आहे का?