डीएनए अहवाल ‘नाही’ म्हणाला, की विषय संपला का?

घाटमाथा (धागालेखक):
आमच्या व्हॉट्सअ‍ॅप गटावर परवा एका घटस्फोटाच्या प्रकरणावरून, मूल नवऱ्याचंच आहे का यावर, वाद पेटला. दहापैकी आठ जणांचं म्हणणं एकच, “डीएनए करा, दुधाचं दूध आणि पाण्याचं पाणी होऊन जाईल.” मला हा आंधळा विश्वास वाटतो.

अमेरिकेतल्या वॉशिंग्टन राज्यात 2002 मध्ये एका बाईनं सरकारी मदतीसाठी अर्ज केला. नियमाप्रमाणे कुटुंबाची डीएनए चाचणी झाली. बाप जुळला, आई जुळली नाही! जिनं बाळंतपणं सोसली तिच्यावरच फसवणुकीचा संशय. ती तेव्हा पुन्हा गरोदर होती. कोर्टानं प्रसूतीच्या वेळी साक्षीदार हजर ठेवला, तिथेच नमुने घेतले, आणि ते बाळही तिचं नसल्याचा अहवाल आला. पुढे कळलं की ती काइमेरा होती. आईच्या पोटात असताना दोन गर्भ एकत्र होऊन तिचा एक देह झाला, म्हणून शरीरात दोन वेगळे डीएनए. ज्या चाचणीनं डोळ्यांदेखत जन्मलेलं मूल आईचं नाही म्हटलं, तिच्या भरवशावर लेकराची पोटगी थांबवायची?

पिपेट:
उदाहरण खरं, निष्कर्ष ताणलेला. मी प्रयोगशाळेत काम करतो म्हणून लिहितो. त्या बाईच्या बाबतीत यंत्रानं वाचलेलं सगळं बरोबरच होतं. ज्या पेशी तपासल्या त्या मुलांना जन्म देणाऱ्या पेशींच्या वंशातल्या नव्हत्या, एवढंच. त्याच सुमारास बॉस्टनच्या एका बाईचं असंच प्रकरण वैद्यकीय नियतकालिकात छापून आलं होतं, त्यावरून वकिलाला धागा सापडला. दुसऱ्या जागच्या पेशी तपासल्यावर जुळलं. म्हणजे चूक शोधली तीही डीएनएनंच.

चाचणीत काय होतं ते सांगतो, कारण निम्मे वाद न कळण्यातून होतात. गुणसूत्रांवर काही ठरावीक जागी डीएनएच्या चार-पाच अक्षरांचा एकच तुकडा पुन्हापुन्हा येतो. कुणाकडे 11 वेळा, कुणाकडे 14 वेळा. प्रत्येक जागी माणसाचे दोन आकडे, एक आईकडून आलेला, एक बापाकडून. हल्लीचे किट अशा 15 ते 24 जागा एका दमात वाचतात. मुलाच्या आकड्यांतून आईचा बाजूला काढला की उरलेला बापाकडे असावा लागतो. सात-आठ जागी नसला तर तो बाप नाही. त्यात कुणाच्या मताचा प्रश्न येत नाही.

घाटमाथा:
आणि एकाच जागी नसला तर? उत्परिवर्तन नावाची गोष्ट असते ना?

पिपेट:
असते, आणि आम्ही ती रोज पाहतो. ढोबळमानानं एका जागी हजारात एकदोनदा आकडा बदलतो, बहुतेक वेळा एका पायरीनं, 14 चा 15. वीस जागा तपासल्या तर शंभर खऱ्या बाप-लेकरांत दोन ते चार जोड्यांत कुठेतरी एक विसंगती दिसणारच. म्हणून एका विसंगतीवर ‘नाही’ म्हणायचं नसतं. आणखी जागा तपासायच्या, गणितात उत्परिवर्तनाची शक्यता धरायची. एका जागेवरून कुणी बाप नाकारला असेल तर त्या तज्ज्ञाला साक्षीदाराच्या पिंजऱ्यात बोलावून घाम फोडावा.

चुलत मावळा:
सगळे ‘नाही’वर भांडताय. मला ‘हो’ची जास्त भीती वाटते. अहवालावरचे 99.99 टक्के बघून लोक हरखतात. तो आकडा कशाच्या तुलनेत आहे? हा माणूस बाप आहे, की रस्त्यावरचा कुणीही अनोळखी, नात्यात नसलेला पुरुष बाप आहे, अशी ती तुलना असते. आपल्याकडे संशय बऱ्याचदा घरातल्याच माणसावर असतो, सख्ख्या नाहीतर चुलत भावावर. सख्ख्या भावांचा सरासरी निम्मा डीएनए सारखा. आईचा नमुना नसेल आणि जागा कमी तपासल्या असतील, तर दिराच्या मुलाचा बाप म्हणून नवरा पास होऊ शकतो. जुळे भाऊ असतील तर विचारूच नका. अमेरिकेत मिसुरी राज्यात 2007 मध्ये एकसारख्या जुळ्यांचा खटला गाजला होता, दोघांचेही अहवाल 99.9 च्या वर!

पिपेट:
मान्य. म्हणूनच नमुना देताना ‘संशयित नातेवाईक आहे का’ विचारतात. लोक लाजेपोटी दडवतात आणि नंतर चाचणीला शिव्या घालतात. अस्थिमज्जा प्रत्यारोपण झालेल्या माणसाचंही तेच. त्याच्या रक्तात दात्याचा डीएनए असतो. हे आधी सांगितलं तर आम्ही केसाच्या मुळाकडून नमुना घेऊ.

त्रस्त:
सगळं कळलं. पण इथे प्रत्येकजण चाचणी कशी चुकते तेच शोधतोय. ज्याच्या हातात ‘नाही’चा अहवाल आहे त्यानं काय करायचं? आयुष्यभर दुसऱ्याच्या मुलाचा खर्च? काँग्रेस नेते एन. डी. तिवारींनी मुलाच्या दाव्यात रक्त द्यायला कितीही नकार दिला तरी शेवटी 2012 मध्ये दिल्ली उच्च न्यायालयापुढे सत्य आलंच ना? मुलाला बाप शोधायचा हक्क आहे, मग पुरुषाला आपण बाप नसल्याचं सिद्ध करायचा का नाही?

सनद:
त्रस्तजी, वकील म्हणून उत्तर देते, आवडणार नाही. कायद्याचा प्रश्न वेगळा आहे. 1872 च्या पुरावा कायद्याचं कलम 112, आता भारतीय साक्ष अधिनियमाचं कलम 116. लग्न टिकून असताना जन्मलेलं मूल औरस, म्हणजे नवऱ्याचंच, हा निर्णायक पुरावा. मोडायचा असेल तर त्या काळात नवरा-बायकोचा संबंधच शक्य नव्हता हे दाखवावं लागतं. 2001 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं स्पष्टच म्हटलं की डीएनए अचूक असला तरी एकत्र राहणाऱ्या नवऱ्याला त्यावर सुटका मिळेलच असं नाही.

पण विदर्भातल्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानंच दिलेला 2014 चा निकालही वाचा. नागपूरच्या प्रयोगशाळेनं बाप नाही म्हटलं. बायकोनं हरकत घेतली. न्यायालयानं हैदराबादच्या केंद्रीय प्रयोगशाळेत पुन्हा तपासणी करायला लावली. तिथूनही तेच. मग न्यायालयानं सांगितलं की विज्ञानानं सिद्ध झालेलं सत्य समोर असताना कायद्याच्या गृहीतकाला चिकटून बसता येणार नाही, आणि पोटगी थांबवली. आधी दिलेली वसूल करायची नाही, हेही लिहिलं. घाटमाथाजी, तुम्ही ज्याला आंधळा विश्वास म्हणता, तो तिथे दोन स्वतंत्र प्रयोगशाळांच्या पायावर उभा होता.

अबोली:
2023 चा पुण्याचा खटला कुणी काढत नाही. नवऱ्याकडे खाजगी चाचणीचा अहवाल होता, कनिष्ठ न्यायालयानं मुलाची चाचणी मंजूर केली, मुंबई उच्च न्यायालयानं कायम ठेवली, आणि सर्वोच्च न्यायालयानं रद्द केली. बायकोचा व्यभिचार सिद्ध करायचाय तर दुसरा पुरावा आणा, त्यासाठी लेकराला मध्ये ओढू नका. मला तेच पटतं. त्या पोरानं कुणाला काय फसवलंय?

त्रस्त:
अबोलीताई, पोरानं फसवलं नाही हो. पण मला फसवलं गेलं असेल, तर ते कुणी बघायचं?

पिपेट:
त्रस्त, एक विचारतो, राग मानू नका. तुमचा अहवाल कुठल्या नमुन्यावर झाला?

त्रस्त:
पोराचा टूथब्रश आणि माझा गालाचा कापूस. कुरियरनं पाठवलं.

पिपेट:
आईचा नमुना?

त्रस्त:
तिला सांगून कसं करणार!

पिपेट:
आणि किती जागी जुळलं नाही?

त्रस्त:
मागच्या पानावर कोष्टक आहे. 16 पैकी दोन लाल केल्यात. खाली लिहिलंय ‘वगळले’, म्हणजे मी बाप नाही.

पिपेट:
दोन विसंगती, तीही आईविना, ब्रशवरच्या नमुन्यावर. तो ब्रश घरात आणखी कुणी वापरला का, कुणी सांगू शकत नाही. मी असतो तर ‘अनिर्णित’ लिहिलं असतं आणि आणखी जागा तपासल्या असत्या. अहवाल खोटा आहे असं मी म्हणत नाही, कदाचित तो खराही निघेल. पण पाकिटात कुणाच्या पेशी आल्या हे त्या प्रयोगशाळेलाच माहीत नाही. आमच्याकडे तिघांची ओळखपत्रं, फोटो, अंगठे, साक्षीदारासमोर मोहोर, हे सगळं उगीच करत नाहीत. कॅनडात टोरोंटोच्या एका खाजगी प्रयोगशाळेनं गरोदरपणीच्या पितृत्वाचे चुकीचे अहवाल विकल्याचं सीबीसी या तिथल्या वृत्तवाहिनीनं 2024 मध्ये उघड केलं होतं.

घाटमाथा:
म्हणजे माझाच मुद्दा!

पिपेट:
अर्धाच. तुम्ही चाचणीवर अविश्वास दाखवता, मी पाकिटावर दाखवतो.

चुलत मावळा:
आणि मी 99.99 वर. चालू द्या.

सनद:
त्रस्तजी, या अहवालावर कुठलाही अर्ज करू नका, आणि घरी भांडण तर नकोच. आधी वकिलाला भेटा. न्यायालयाला चाचणी योग्य वाटली तर तिघांचे ताजे नमुने घेतले जातील, आणि निकाल लागेल तो लागेल. पण त्याआधी ‘संबंध शक्य नव्हता’ यावर तुमच्याकडे काय आहे, हाच पहिला प्रश्न असेल. एकाच घरात राहत होतात का त्या वर्षी?

त्रस्त:
राहत होतो.

सनद:
मग अवघड आहे.

त्रस्त:
कोष्टक इथे टाकू का? पिपेटसाहेब बघून तरी सांगतील.

अबोली:
अजिबात टाकू नका. ते तुमच्या एकट्याचं नाही. त्यात त्या पोराचे आकडे आहेत, आणि त्याला कुणी विचारलेलं नाही.