अनुभव धागा: वेल्समधल्या कारमार्थनशायरची तळी, वैद्य, टोलनाके वगैरे

मोगरी:
काल रात्री माझी भाकरी कडेनं करपली आणि मध्ये कच्ची राहिली. नवरा म्हणाला, "आता बायको तळ्यात परत जाणार वाटतं." दहा वर्षांनी त्याला ते आठवलं याचंच मला नवल!

लग्न झाल्या झाल्या आम्ही पाच वर्षं वेल्समध्ये, ल्हानडायलोजवळ राहिलो. घरमालकीण ऐंशीच्या पुढची, सगळं गाव तिला मॅम-गी म्हणायचं, म्हणजे आजी. पहिल्याच थंडीत शेगडीपाशी बसवून तिनं मला ल्हिन अ वान वाख या तळ्याची गोष्ट सांगितली. डोंगराच्या कड्याखाली काळंशार तळं. विधवेचा मुलगा तिथं गुरं राखतो. एकदा बघतो तर पाण्यावर एक बाई केस विंचरत बसलेली. हा शिदोरीतला पाव पुढे करतो. ती म्हणते, फार कडक भाजलाय, मी अशी हाती लागायची नाही. दुसऱ्या दिवशी आई कच्चा गोळाच बांधून देते, तोही नको. तिसऱ्या दिवशीचा अर्धाकच्चा पाव मात्र तिला चालतो. (तर माझी भाकरी ही अशी.)

लग्नाला अट एकच: विनाकारण तीनदा मारलंस की मी गेले. आणि त्यानं तसं कधी मारलंच नाही हो! बारशाला निघताना ती रेंगाळली, तर हातमोज्यानं खांद्यावर टिचकी, "चल, चल." एका लग्नात ती रडली, म्हणून दुसरी. मयताला हसली, म्हणून तिसरी. झालं. ती एकेका गाईला नावानं हाका मारत परत तळ्याकडे निघाली. कापून आकड्याला टांगलेलं काळं वासरू उतरून तिच्या मागे गेलं, नांगराचे बैल नांगरासकट गेले.

मॅम-गी म्हणायची, "त्याला वाटलं टिचकी. ती मोजत होती." मी नवी नवरी, परका देश, त्यानंतर कितीतरी दिवस नवऱ्याचं "चल, चल" ऐकलं की मनात आकडा लावायचे. त्याला अजून माहीत नाही. हे वाचलं तर कळेल.

त्या भागात कुणी राहिलंय, फिरलंय? लिहा ना.

साधीभोळी:
अंगावर काटा आला. कुकर लावून येते.

टेकडीवरचा:
ताई, मुलगे राहिले की! ती परत येऊन मुलांना भेटायची, कुठला पाला कशाला लावायचा ते शिकवलं. त्यातला थोरला रिवाल्हॉन, तो आणि त्याची मुलं तेराव्या शतकात रीस ग्रीग नावाच्या राजाचे वैद्य. हे मद्वाय गावचे वैद्य. त्यांचे उपाय 'हेर्गेस्टचं लाल पुस्तक' या जुन्या वेल्श हस्तलिखितात उतरवलेले आहेत. मद्वायच्या चर्चमध्ये डेव्हिड जोन्स (१७१९) आणि जॉन जोन्स (१७३९) या दोघा शल्यवैद्यांचा दगड आहे. वंशातले शेवटचे हेच, असं म्हणतात. पावसात दोन मैल चालून गेलो होतो, दगड पाहिला, बूट फाटले.

डॉ_खोकला:
त्या भागात तीन वर्षं दवाखान्यात होतो. एक आजोबा यायचे, "माझी पणजी मद्वायची, मला गोळ्या सांगू नका." मोज्यात कांदा घालून झोपायचे. रक्तदाब त्यांचाही वाढलेला, माझाही. जाताना दर वेळी अंडी देऊन जायचे मात्र.

उर्मिला_पुणे:
ही तर आपली उर्वशीच! पुरूरव्यालाही अट होती, मोडली आणि ती गेली. फक्त इथे मेंढ्यांऐवजी गाई.

गणपा:
नावं वाचताना कुणी अडखळत असेल तर वेल्श स्पेलिंगमधले ते दोन एल (ll) म्हणजे कोल्हापूरचा ल्ह समजा, पण घशातून आवाज न काढता. जीभ ल ला टेकवायची आणि कडेनं नुसती फुंकर मारायची. मी पहिल्याच दिवशी 'ल्हानेल्ही'चं तिकीट मागताना बसड्रायव्हरच्या तोंडावर थुंकलो. तो म्हणाला, जमतंय, अजून थोडं.

पश्चिमवारा:
कोल्हापूर निघालंच आहे तर टोलनाके फोडायची मूळ मंडळी तिकडचीच बरं. १८३९ मध्ये एवाइलवेनचा नाका पहिला पडला. शेताला चुना आणायचा तर वाटेत दर थोड्या अंतरावर पैसे मोजा, आधीच पीक नाही. मग पुरुष रात्री बायकांचे झगे घालून, तोंडाला काळं फासून निघायचे. पुढारी कोणीही असो, नाव 'रिबेका', बायबलात तिच्या वंशजांनी शत्रूचे दरवाजे ताब्यात घ्यावे असा आशीर्वाद आहे म्हणून. पहिल्या रिबेकाचा, म्हणजे टूम कार्नाबूथचा, देह एवढा आडवा की मापाचा झगा गावातल्या एकाच धिप्पाड बाईकडे मिळाला, असं सांगतात. जून १८४३ मध्ये कारमार्थनचं अनाथ-गरिबांचं वर्कहाऊस फोडलं, घोडदळ आलं. पण १८४४ च्या कायद्यानं टोलचा कारभार सुधारावा लागलाच.

कोल्हापुरी_पायताण:
आमी झगे न घालता केलं. एवढाच फरक.

पश्चिमवारा:
@पायताण 😂 पण सगळंच हसण्यासारखं नव्हतं. हेंडीच्या नाक्यावरची म्हातारी राखणदार सेरा विल्यम्स त्यात मेली. तिथं कुणी तिचं गाणं केलं नाही.

साधीभोळी:
आले. कुकरची शिट्टी गेलीच नाही, रबर बदलायला झालंय. कुठल्या कंपनीचं टिकतं?

रानपाखरू:
@साधीभोळी मूळ कंपनीचंच घ्या ताई, बाकीची दोन महिन्यांत सैल पडतात.

वाटाड्या:
मला सांगायचंय ते जरा वेगळं आहे. कामानिमित्त आठ महिने कारमार्थनला होतो. दुपारी नॉट स्क्वेअरमध्ये पुतळ्याखाली डबा खायचो. जनरल नॉट, गावच्याच आयव्ही बुश खानावळवाल्याचा पोरगा, कंदाहार-गझनीच्या लढायांत नाव काढलेला. परत यायच्या आधल्या आठवड्यात एका निवृत्त मास्तरांनी विचारलं, "तू मराठा ना? मग हा पुतळा कशाचा ते माहितेय?" १८५१ चा ब्राँझचा पुतळा. ते ब्राँझ महाराजपूरला शिंद्यांच्या सैन्याकडून घेतलेल्या तोफांचं, ईस्ट इंडिया कंपनीनं दिलेलं. नॉट त्या लढाईत नव्हताच!

आठ महिने मी आपल्याच तोफेखाली बसून पोळी-भाजी खात होतो. त्या दिवशी डबा परत घेऊन आलो, का ते सांगता येत नाही. उगाच भावुक होण्याचा माझा स्वभाव नाही.

ग्वाल्हेरकर:
वाटाड्या, थँक्यू. आमचं घराणं तिकडचं. लढाई २९ डिसेंबर १८४३, त्याच दिवशी पन्नियारलाही झाली. जयाजीराव शिंदे तेव्हा जेमतेम नऊ वर्षांचे. म्हणजे इकडे रिबेका नाके फोडते आणि त्याच वर्षी तिकडे तोफा जातात. आजोबा तोफांची मोजदाद तोंडपाठ सांगायचे, आम्ही पोरं पळून जायचो. आता वाटतं ऐकायला हवं होतं.

मोगरी:
वाटाड्या, मी तिथून शेकडो वेळा गेले असेन, मान वर करून पाहिलं नाही. नवऱ्याला वाचून दाखवलं, तो गप्प आहे.

पश्चिमवारा:
कंपनीचा पैसा तिथं अजून एका ठिकाणी दिसतो. ल्हानार्थनीच्या टेकडीवर पॅक्स्टनचा मनोरा. साहेब कलकत्त्याच्या टांकसाळीत कमावून आले. १८०२ च्या निवडणुकीत मतदारांना ११,०७० न्याहाऱ्या आणि ३६,९०१ जेवणं घातली, बिल १५,६९० पौंडांवर, आणि हरले! टाउई नदीवर पूल बांधतो म्हणाले होते, तो राग आला म्हणून पुलाचे पैसे मनोऱ्यात घातले, असं लोक सांगतात. अधिकृतपणे तो अॅडमिरल नेल्सनचं स्मारक आहे.

कोल्हापुरी_पायताण:
हे आमच्याकडं आजही चालतं. फक्त बिल कुणी ठेवत न्हाई.

रानपाखरू:
दिवटीचं कुणी लिहिलं नाही? तिकडे 'कॅनविल्ह कॉर्फ', प्रेतज्योत. मयत होण्याआधी ज्योत आपोआप घरापासून स्मशानापर्यंतची वाट चालून जाते. माझ्या सासूबाई कोकणातल्या, चकव्याची भीती. त्यांना घेऊन रात्री ल्हानडव्हरीहून येत होतो, शेतातून एक दिवा हलत हलत येताना दिसला. त्यांनी रामरक्षा सुरू केली. जवळ आला तर शेतकरी, चार चाकांच्या मोटरसायकलवर, कोकरू काखोटीला! त्यानं थांबून विचारलं, रस्ता चुकलात का. सासूबाई शेवटपर्यंत डोळे उघडायला तयार नव्हत्या.

उर्मिला_पुणे:
मर्लिन जादूगाराच्या झाडाचं पण लिहा कुणी तरी.

टेकडीवरचा:
लिहितो. झाड पडलं की कारमार्थन गावही पडेल असं भाकीत. म्हणून मेलेल्या ओकला लोखंड आणि काँक्रीटचा टेकू देऊन प्रायरी स्ट्रीटवर उभं ठेवलं, १९७८ ला उरलेले तुकडे काढले. एक तुकडा अबरग्विलीच्या संग्रहालयात आहे. गाव अजून आहे, पण नदीला पूर येतो तेव्हा लोक झाडाचं नाव काढतात.

गणपा:
टाउईवरचे हरिगोल, म्हणजे टोपलीसारख्या होड्या, पाहिले का कुणी? आपल्यासारखे गोल नाहीत, लांबट, मध्ये फळी. मासे मारून झाले की पाठीवर उलटे घेऊन चालतात, लांबून कासव वाटतं.

साधीभोळी:
मोगरीताई, त्या भाकरीचं काय केलंत?

मोगरी:
कुत्र्याला घातली. हुंगून निघून गेला.

डॉ_खोकला:
पुढच्या महिन्यात मुलाला तळ्यावर न्यायचंय. गाडी कुठपर्यंत जाते कुणाला माहितेय का?

टेकडीवरचा:
ल्हानदाइसंटपर्यंत, पुढे रस्ता संपतो. तिथून तासाभराचा चढ. बूट चांगले घाला.