ज्यूंच्या वंशसंहाराचा इतिहास ऑनलाइन शिकायचाय, सुरुवात कुठून करू?

म्हादईकाठ
नमस्कार मंडळी. गोव्यात वाळपईच्या बाजूला एका मराठी माध्यमाच्या हायस्कुलात इतिहास शिकवते. नववीला नाझीवादाचा धडा आहे. धडा संपत आला की मागच्या बाकावरून कुणीतरी म्हणतंच, "बाई, पण हिटलर शिस्तीचा होता ना? आपल्याकडे असा एक पाहिजे." यंदा असं म्हणणाऱ्या मुलाच्या फोनवर तसली रिळंही होती. परेड, झेंडे आणि ढणढण संगीत. मी मारल्या गेलेल्या ज्यूंचा साठ लाखांचा आकडा सांगितला, मुलांनी तो वहीत उतरवून घेतला आणि विषय तिथेच संपला.

मला हे नीट शिकायचं आहे, पण घरबसल्या आणि रात्री जेवणखाण आवरल्यावर. प्रमाणपत्र नको, हेडसर काही विचारणार नाहीत. इंग्रजी वाचता येतं, पण भरभर बोललेलं कळत नाही. पावसात आमच्याकडे रेंज येते-जाते. आणि प्रेतांच्या ढिगांचे फोटो वर्गात दाखवायचे नाहीत. कुणी असा अभ्यास केला असेल तर मार्ग दाखवा.

फोंडेकर
बाई, कोर्सेरा या ऑनलाइन शिकण्याच्या संकेतस्थळावर तेल अवीव विद्यापीठ आणि याद वाशेम (जेरुसलेममधलं या वंशसंहाराचं स्मारक) यांचा मिळून दोन भागांचा अभ्यासक्रम आहे. प्रा. हावी ड्रायफुस शिकवतात. सबटायटल लावा, बोलणं कळेल. रेंज असेल तेव्हा अ‍ॅपवर उतरवून ठेवा. वॉशिंग्टनच्या होलोकॉस्ट म्युझियमचा ऑनलाइन ज्ञानकोशही चांगला, त्यातले काही लेख हिंदीत आहेत. एक विनंती, यूट्यूबच्या शोधखिडकीतून सुरुवात करू नका. तिसऱ्या व्हिडिओपर्यंत 'खरा इतिहास लपवला' म्हणणारा कुणीतरी भेटतोच.

फोटोंबद्दल तुमचं बरोबर आहे. याद वाशेमवाले स्वतःच शिक्षकांना सांगतात की मुलांना या विषयात सुखरूप न्या आणि सुखरूप बाहेर आणा.

जुनं_दप्तर
मी महसूल खात्यातून निवृत्त झालेला कारकून. उभा जन्म जमिनीचे एक-चौदाचे उतारे बघण्यात गेला, त्यामुळे मला व्याख्यानापेक्षा कागद लवकर कळतो. फोंडेकरांनी सांगितलेलं सगळं करा, पण त्याआधी वानसे बैठकीचं, म्हणजे ज्यूंच्या संहाराची आखणी करणाऱ्या नाझी बैठकीचं, इतिवृत्त वाचा. बर्लिनच्या कडेला तळ्याकाठी एक बंगला आहे. तिथे २० जानेवारी १९४२ रोजी १५ अधिकारी जमले आणि दीडेक तासात उठले. त्या बंगल्यात आता स्मारक आहे आणि इतिवृत्त त्यांच्या संकेतस्थळावर वाचता येतं. ३० प्रती काढल्या होत्या. त्यातली सोळावी तेवढी युद्धानंतर हाती लागली.

सहाव्या पानावर यादी आहे. एका बाजूला देश, दुसऱ्या बाजूला ज्यूंची संख्या, तळाला बेरीज एक कोटी दहा लाखांवर. एस्टोनियासमोर आकडाच नाही, 'ज्यूमुक्त' असा शेरा आहे. तिथलं काम उरकलं होतं. खाली उतरत जा. इंग्लंड ३,३०,०००, आयर्लंड ४,०००, स्वित्झर्लंड १८,०००. आणि मध्येच पोर्तुगाल, ३,०००.

१९४२ साली आपण कुणाच्या राज्यात होतो? पोर्तुगाल युद्धात नव्हता, जर्मनीचा एक सैनिक तिथे नव्हता, तरी माणसं मोजून तयार. तुमच्या मागच्या बाकावरच्या पोराला हे पान द्या आणि शिस्त कुठे दिसते ते दाखव म्हणावं. दिसेल त्याला, भरपूर दिसेल. बैठकीतल्या पंधरांपैकी आठजण डॉक्टरेट झालेले होते. मला तर तो मसुदा वाचताना अक्षरशः आमच्या जुन्या साहेबांची भाषा आठवली. कुणाला मारायचं असं कुठेच लिहिलेलं नाही, 'पूर्वेकडे स्थलांतर' लिहिलंय.

साठ लाख कशावरून, असंही कुणीतरी विचारेल. त्यासाठी दुसरा कागद ठेवा. ११ जानेवारी १९४३ रोजी हॉफले नावाच्या एस.एस. (नाझींचं निमलष्करी दल) अधिकाऱ्याने पोलंडमधल्या लुब्लिनहून तार पाठवली. १९४२ अखेरपर्यंत चार छावण्यांत किती ज्यू 'पोचले' याचा हिशेब. पोचले म्हणजे जवळजवळ सगळे मारले गेले. ब्रिटिशांनी ती वाटेत पकडली, उलगडली, पण अर्थ न कळल्यामुळे ती २००० सालापर्यंत दप्तरात पडून होती. त्यात छावण्यांची नुसती आद्याक्षरं आहेत. लुब्लिन म्हणजे मायदानेक २४,७३३. बेल्झेक ४,३४,५०८. सोबिबोर १,०१,३७०. ट्रेब्लिंका ७१,३५५. आणि एकूण १२,७४,१६६.

मुलांना बेरीज करायला लावा. जुळणार नाही. ट्रेब्लिंकाचा आकडा ७,१३,५५५ धरला की शेवटच्या अंकापर्यंत जुळते. तार लिहून घेताना एक ५ गळला होता. सुमारे साडेसहा लाख माणसं एका अंकात. असे हिशेब, रेल्वेची वेळापत्रकं, युद्धाआधीच्या आणि नंतरच्या जनगणना, हे सगळं एकमेकांशी ताडून साठ लाखांचा आकडा येतो. कुणी एका जागी बसून ठरवलेला नाही.

मुरगावचा_वारा
अवांतर: १९४३ मध्येच आमच्या मुरगाव बंदरात जर्मन जहाज एरेनफेल्सवर कलकत्ता लाइट हॉर्स या ब्रिटिशांच्या स्वयंसेवक पलटणीने छापा घातला होता. म्हणजे ते युद्ध अगदीच परदेशातलं नव्हे.

कुळागर
इतक्या लांब जायलाच कशाला हवं? आपल्याकडे इन्क्विझिशन, म्हणजे पोर्तुगीजांचं धर्मन्यायालय, झालंच की. पणजीची म्युनिसिपल बाग ज्याच्या नावाची, त्या गार्सिया द ऑर्ता या पोर्तुगीज वैद्याची हाडं उकरून जाळली होती. मुलांना तेच सांगा, जवळचं आहे.

जुनं_दप्तर
कुळागर, सांगावंच. पण दोन्ही एकच म्हणून सांगू नये. ऑर्ता १५६८ ला गेला. पुढच्या वर्षी बहीण कातारीनाला गोव्यात जाळलं आणि १५८० मध्ये त्याची हाडं जाळली. आरोप काय, तर बाप्तिस्मा घेऊन गुपचूप यहुदी धर्म पाळतात. म्हणजे पारख श्रद्धेची होती. ती भयानक होतीच, पण माणसाने काय केलं असं तिथे विचारत तरी होते. नाझींच्या १९३५ च्या न्यूरेंबर्ग कायद्यांत आजी-आजोबा मोजत. चारांपैकी तीन ज्यू असले की तुम्ही ज्यू, मग चर्चमध्ये कितीही वर्षं जात असा. एडिथ स्टाइन जन्माने ज्यू, पण कार्मेल या कॅथलिक संघाची नन होती. तिला १९४२ च्या ऑगस्टमध्ये आउश्वित्झच्या छावणीत मारलं. १९९८ मध्ये पोपने तिला संत घोषित केलं. तुमच्या वर्गातल्या ख्रिश्चन मुलांना ही गोष्ट लगेच कळेल.

पोर्तुगाल म्हटल्यावर नुसता तिथला हुकूमशहा सालाझार नको. फ्रान्समधल्या बोर्डोचा पोर्तुगीज कॉन्सुल आरिस्तिदेस द सौझा मेंदेस याने जून १९४० मध्ये लिस्बनचा हुकूम मोडून निर्वासितांना व्हिसा दिले. त्यात ज्यूही पुष्कळ होते. सालाझारने त्याची नोकरी संपवली. १९५४ मध्ये तो कर्जबाजारी मेला. याद वाशेमने १९६६ ला त्याचा सन्मान केला.

म्हादईकाठ
देव बरें करूं सगळ्यांचं. आधी यादीचं पान, मग बेरीज, आणि गणिताच्या सरांना तासाला बोलावते. ते येतील, त्यांना असलं आवडतं. एडिथ स्टाइन त्याच आठवड्यात घेते. अभ्यासक्रम रात्री एकेक व्हिडिओ करून बघेन.

दप्तरकाका, त्या तारेची मूळ प्रत कुठे आहे? मुलं विचारतील, आणि 'इंटरनेटवर वाचलं' हे उत्तर मला द्यायचं नाही.

जुनं_दप्तर
ब्रिटनचं राष्ट्रीय अभिलेखागार, क्यू, लंडन. फाइल एचडब्ल्यू १६/२३. छपाई फिकट आहे, झेरॉक्स काढताना शाई गडद ठेवा.