हिरव्या सोयाबीनच्या शेंगा आणि जपानी मेनू : मराठी शब्द हवेत

धुरकरी
शब्द हवेत, आणि जरा घाईनं हवेत. आमच्या दारव्हा तालुक्यातल्या शेतकरी गटाला यंदा सोयाबीनची काही तासं, म्हणजे पेरणीच्या ओळी, हिरव्या शेंगांसाठी राखायची आहेत, नागपूरला नेऊन विकायला. जपानी हॉटेलात याच शेंगांना 'एडामामे' म्हणतात. पुण्याला लेकीकडे गेलो तेव्हा जावईबापूंनी अशा एका नव्या धाटणीच्या हॉटेलात नेलं होतं. टेबलावर सगळ्यात आधी आली ती या शेंगांची वाटी. उकडलेल्या, वरून जाडं मीठ, अजून वाफाळत होत्या. आमच्या मंडळींनी एक शेंग उचलली, बोटानं लव चोळून पाहिली अन् म्हणाल्या, "अवो, हे तं सोयाबीन व्हय!" मी सालीसकट चावणार तेवढ्यात जावईबापूंनी थांबवलं. शेंग ओठात धरायची, दाणे दातानं ओढायचे, सालपट दुसऱ्या वाटीत. वाटीचे साडेतीनशे रुपये. सोयाबीनचा २०२५-२६ चा हमीभाव क्विंटलला ५,३२८. पुढचा हिशेब तुमचा तुम्ही करा.

तर पाटीवर काय लिहावं? 'हिरवं सोयाबीन' म्हटलं की चारा वाटतो. त्या मेनूतले आणखी काही शब्दही डोक्यातून जात नाहीत : ओमाकासे, इझाकाया. आणि ती वासाबी नावाची हिरवी चटणी, तिच्या चवीला आपण काय म्हणू? तिखट तर नव्हे ती.

पारावरचा
भाऊ, आमच्या शिवारात हिरवं सोयाबीन आजवर फक्त रोही अन् रानडुकरं खात आले. मानसायनं खाल्लेलं आयकलं नाई. रोह्यायले कवाचं समजलं, आपल्याले आता समजून रायलं.

मुनगा
'सोयाबीनचे सोले' असं कुणीतरी सुचवेलच, म्हणून आधीच सांगतो : सोले म्हणजे सोललेले ओले दाणे. सोलेभातात पडतात ते. धुरकरींच्या वाटीत शेंगा होत्या, सोले नव्हते.

आपल्याकडे कोवळ्या, दाणा भरत आलेल्या पिकाला पिकागणिक वेगळं नाव आहे. ज्वारीचा हुरडा, गव्हाच्या ओंब्या, हरभऱ्याचे घाटे. घाटे भाजले की हुळा. तुरीच्या मात्र शेंगाच. सोलल्या की सोले. ही सगळी नावं खाणाऱ्यांनी पाडलेली आहेत. सोयाबीन विदर्भात पसरलं ते गेल्या तीस-चाळीस वर्षांत, आणि आलं तेच तेलाच्या अन् ढेपेच्या कारखान्यासाठी. पेरलं, सोंगलं, मळणीयंत्रातून काढलं, यार्डात नेलं. मधल्या हिरव्या अवस्थेकडे आपण पाहतो ते चक्रीभुंगा आहे का, खोडमाशी आहे का, एवढ्यासाठी. तोंडात टाकायच्या नजरेनं पाहिलंच नाही, मग नाव कुठून पडणार?

माझं मत : तुरीचाच कित्ता गिरवा. पौषात आपण तुरीच्या शेंगा मीठ टाकून उकडतो आणि ओढून खातो. त्या हॉटेलातली रीत तीच. म्हणून कच्च्या असतील तर 'सोयाबीनच्या ओल्या शेंगा', शिजवल्या की 'उकडलेल्या शेंगा'. नवा शब्द घडवायचं कारण दिसत नाही.

लोणारकाठ
आमच्या बुलढाण्याकडे, मेहकर-लोणार भागात, हरभरा झाडासकट उपटून विकायला आणतात, त्याला 'डहाळा' म्हणतात. "दहा रुपयाचा डहाळा दे." घाटे तोडून विकले तर घाटे, झाडासकट असेल तर डहाळा. सोयाबीनही तसं विकणार असाल तर?

तिफन
लोणारकाठ, तुम्ही नेमका शब्द काढलात. मी कृषीचा पदवीधर, आणि मध्यंतरी दोन परीक्षांपुरती जपानी शिकलो, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

जपानीत 'एदा' म्हणजे फांदी, डहाळी. 'मामे' म्हणजे शेंगेतला दाणा. आपण कडधान्य म्हणतो त्यातलं काहीही. झाड कापून डहाळीसकट शेंगा विकायची रीत तिकडे जुनी आहे, त्यावरून एदामामे. म्हणजे त्यांनीही नाव पिकावरून न पाडता विकायच्या रीतीवरून पाडलं. मेहकरच्या बाजारात हरभऱ्याचं जे झालं तेच. 'सोयाबीनचा डहाळा' हा एदामामेला मराठीत मिळू शकेल असा सगळ्यात जवळचा शब्द आहे. शब्दकोशवाल्यांनी बसून काढला असता तरी याहून नेमका निघाला नसता.

उच्चार 'द' चा आहे, 'ड' चा नाही. जपानी शब्द आपल्याकडे इंग्रजीतून येतात आणि इंग्रजीत 'त' आणि 'ट' ला एकच अक्षर, 'द' आणि 'ड' लाही एकच, म्हणून आपण टेम्पुरा, टोफू, एडामामे लिहितो. खरं म्हणजे तेम्पुरा, तोफू, एदामामे. तोफूची लढाई मात्र आपण हरलो आहोत. दुकानातल्या पाकिटावर 'टोफू' छापून झालंय, ते राहू द्यावं. एदामामे अजून तेवढं रुळलेलं नाही, तेवढं तरी नीट लिहू.

आता गंमत. 'सोया' हा शब्दच मुळात जपानी आहे. शोयू म्हणजे सोयाबीन आणि गहू आंबवून काढलेला तो काळा खारट रस, जो आपल्याकडे तालुक्याच्या चायनीजच्या गाडीवरसुद्धा बाटलीत असतो. डच व्यापाऱ्यांनी तो रस आणि त्याचं नाव दोन्ही युरोपात नेलं. शोयूचं सोया झालं आणि पुढे ज्या दाण्यापासून तो रस होतो त्या दाण्यालाही तेच नाव चिकटलं. जपानी माणूस वाळल्या दाण्याला सोया म्हणतच नाही, 'दाइझु' म्हणतो, म्हणजे मोठा दाणा. तेव्हा 'सोया सॉस' म्हणजे शब्दशः 'सॉसचा सॉस', आणि 'सोयाबीन' म्हणजे चटणीच्या नावानं ओळखला जाणारा दाणा. दारव्ह्याच्या यार्डात अडत्या हंगामभर जो शब्द ओरडतो तो जपानी आहे, हे त्याला सांगून पाहा.

पारावरचा
सांगतो. पन भाव वाढवून देईन का तो?

धुरकरी
डहाळा आवडला. पण यवतमाळकडे हा शब्द चालतो का? आमच्याकडे डहाळी म्हणजे नुसती फांदी. गिऱ्हाईक म्हणेल शेंगा दे, फांद्या काय करू?

मुनगा
तेच म्हणतो. शब्द नेमका असून भागत नाही, ज्याला विकायचं त्याला तो कळला पाहिजे. अमरावती-यवतमाळात 'ओल्या शेंगा' म्हटलं की पोरालाही कळतं.

बैठक
शेंगांचं चालू द्या. इझाकायासाठी मराठीला शब्द शोधावा लागतो हेच मला पटत नाही. तिफन, 'इ' चा अर्थ सांगा बरं.

तिफन
'इ' म्हणजे असणे, थांबणे, बसून राहणे. 'साके' म्हणजे दारू. समासात त्याचं 'झाका' होतं. 'या' म्हणजे दुकान. पूर्वी दारूच्या दुकानातून लोक दारू विकत घेऊन घरी नेत. काही दुकानांत तिथंच थांबून प्यायची सोय झाली, सोबत तोंडी लावायला काहीबाही मिळू लागलं. तेच इझाकाया.

बैठक
झालं तर. आपल्याकडे मित्राचा फोन येतो : "आज बसायचं का?" कुठं, कशावर, कशाला, कुणी विचारत नाही. 'बसणे' या क्रियापदाला दारूचा अर्थ आपण आधीच दिलाय. बसणीचं हॉटेल म्हणजे इझाकाया. आणि त्या छोट्या छोट्या बशा येतात तो चखना. एदामामे हा तिकडचा बिअरसोबतचा चखनाच आहे. धुरकरींच्या जावईबापूंनी सासऱ्यासमोर हा भाग गाळला असावा.

धुरकरी
ते पाणीच पीत होते. मी तरी तेवढंच पाहिलं.

शिक्षिका_वाशीम
ओमाकासेबद्दल. आमच्याकडे रोडग्याच्या पंगतीला कुणी मेनू विचारत नाही. वांग्याची भाजी, रोडगे, वरण. जे वाढलं ते. मग ओमाकासेला 'पंगत' म्हणायला काय हरकत आहे?

तिफन
हरकत आहे, ताई. पंगतीत सगळ्यांना एकच वाढतात आणि आग्रह करून वाढतात. ओमाकासेत तुम्ही ओट्यापलीकडच्या आचाऱ्यासमोर बसता. त्या दिवशी जे उत्तम मिळालं त्यातून काय, कोणत्या क्रमानं द्यायचं ते तो ठरवतो. एक घास झाला की तुमच्याकडे बघून पुढचा. मूळ क्रियापद 'माकासेरु', म्हणजे सोपवणे. आधीचा 'ओ' आदराचा. गिऱ्हाईक म्हणतं, "तुमच्यावर सोपवलं." त्यात वाढणाऱ्याच्या हातापेक्षा त्याच्या पारखीवर भरवसा आहे.

शिक्षिका_वाशीम
मग 'आचाऱ्याच्या मनचं' कसं वाटतं? आमच्या सासूबाई म्हणतात ना, "माह्या मनचं करते आज, कोनी काही सांगू नका." त्या दिवशीचा स्वयंपाक हमखास जमतो.

मुनगा
हे चांगलं आहे. 'शेफची निवड' वगैरेपेक्षा शंभरदा चांगलं. फक्त त्यापुढे 'ताट' लावू नका. तिथं ताट नसतंच, एकेक घास येतो.

झाडीपट्टी
भंडाऱ्याहून लिहितो. आमचा धानाचा मुलूख, म्हणून सुशीबद्दल चार ओळी. सुशी म्हणजे कच्ची मासोळी असं आमच्याकडे सगळे धरून चालतात. कच्च्या मासोळीच्या नुसत्या कापांना 'साशिमी' म्हणतात. सुशीत महत्त्वाचा तो भात. सिरका, साखर, मीठ लावलेला. 'सुशी' या शब्दामागे 'आंबट' हा जुना अर्थ आहे. पूर्वी मासोळी भातात दाबून आंबवून टिकवत, त्यावरून. तेव्हा काकडीची सुशीही सुशीच, आणि शाकाहारी माणसानं ती खुशाल खावी.

मला अडतं ते भाताच्या नावाशी. आमच्याकडे भात मोकळा हवा. शीत न् शीत वेगळं नसेल तर बाई म्हणते, "गिचका झाला." चिन्नोर घ्या, नाहीतर नागभीडकडच्या दादाजी खोब्रागडेंनी निवडून काढलेला एचएमटी घ्या, मोकळेपणावरच त्यांचं कौतुक होतं. सुशीला मात्र आखूड दाण्याचा, एकमेकांना धरून राहणारा भात लागतो. त्याला 'गिचका' म्हणणं अन्याय आहे, कारण तो बिघडलेला नसतो. 'चिकट' मध्येही नाक मुरडलेलं आहे. मग काय?

लोणारकाठ
'धरून राहणारा' तुम्हीच लिहिलंत की. 'धरता भात'. पाक धरतो, लाडू धरतो, तसा भात धरतो.

झाडीपट्टी
मंजूर.

पारावरचा
वासाबीचं रायलंच. म्या नागपुरात पोराच्या नादानं खाल्लं ते. चिंचेयवढा गोळा तोंडात टाकला. जिभीले काहीच नाई, सारं नाकातून डोस्क्यात. डोळ्यातून पानी. अन् मिनिटात गायब, जसं काही झालंच नाई.

तिफन
वर्णन अचूक. मिरचीचा दाह जिभेवर बसतो, कारण त्यातलं कॅप्सायसिन उडून जात नाही. वासाबीतला मुख्य उग्र पदार्थ आणि मोहरीतला एकच आहे, अलिल आयसोथायोसायनेट. तो उडणारा, म्हणून नाकात चढतो आणि लगेच ओसरतो. दाणा किंवा मूळ चिरडलं, किसलं की मगच तो तयार होतो. बऱ्याच हॉटेलांत वासाबी म्हणून जे देतात ते हॉर्सरॅडिश नावाचं पांढरं मूळ, मोहरी आणि हिरवा रंग यांचं मिश्रण असतं. तेव्हा पारावरचा, तुम्ही बहुधा मोहरीच खाल्लीत.

शब्द आपल्याकडे आहे. लोणच्यासाठी मोहरी फेसतो तेव्हा आई म्हणते, "फेस चांगला चढला." जी मोहरी नाकात जात नाही ती 'चढली नाही'. चटणी तिखट लागते, वासाबी चढते.

बैठक
आमच्या विषयातही चढतेच.

शिक्षिका_वाशीम
उमामी ही जपानी चव कुणी घेतली नाही अजून. षड्रसात बसत नाही म्हणे.

तिफन
१९०८ साली टोकियोच्या विद्यापीठात किकुनाए इकेदा यांनी कोम्बू नावाच्या समुद्री शेवाळाच्या रस्स्यातून ग्लुटामेट वेगळं काढलं आणि त्या चवीला हे नाव दिलं. 'उमाई' म्हणजे चवदार. पुढच्याच वर्षी ते पांढरं मीठ बाजारात आलं आणि त्याच्या छापाचं नाव आपल्याकडे चायनीजच्या गाडीवर आजही ऐकू येतं : अजिनोमोटो.

मराठीत याला 'गोडी' म्हणावं असं माझं मत. 'उमाई' जपानीत लिहिताना कधीकधी 'गोड' या अर्थाचं चित्राक्षर वापरतात. आपणही वरण-भात खाऊन म्हणतो, "आज जेवण गोड लागलं." त्यात साखरेचा कण नसतो. पाटवडीच्या रस्स्याला गोडी आली म्हणतो तेव्हाही तेच.

मुनगा
'गोडी' ला मी विरोध करतो. पाटीवर लिहिलंत तर मधुमेही पळतील. बोलताना ठीक आहे, मेनूत उमामीच राहू द्या. सगळ्याचं भाषांतर झालंच पाहिजे असा काही कायदा नाही.

धुरकरी
सगळ्यांचे आभार. गटात बोललो. पोट्ट्यांचं म्हणणं, नागपूरला पाटीवर 'एदामामे' मोठं लिहा, त्याशिवाय शहरातलं गिऱ्हाईक पैसे देत नाही. म्हाताऱ्यांचं म्हणणं, 'सोयाबीनच्या ओल्या शेंगा' लिहा, नाहीतर लोक विचारून विचारून डोकं खातील. दोन्ही लिहायचं ठरलं. वर मोठं मराठी, खाली लहान जपानी. पोट्टे नाराज आहेत.

तिफन
ठीक ठरलं. दोन गोष्टी शेताच्या. नेहमीचं तेलाचं वाणही खाता येतं, पण दाणा बारीक आणि चवीला थोडं उग्र. भाजीसाठी वेगळी वाणं आहेत. रांचीच्या केंद्रानं काढलेलं स्वर्ण वसुंधरा त्यातलंच. शेंग भरलेली पण हिरवीगार हवी. पिवळी छटा आली की वेळ गेली. आणि राखलेल्या तासांवर, शेजारच्या वावरातूनही, फवारणी येऊ देऊ नका. कच्च्या शेंगा चाखायला देऊ नका, कच्च्या सोयाबीनमध्ये पचनाला अडवणारा घटक असतो. मिठाच्या पाण्यात नीट उकडूनच नमुना द्या.

धुरकरी
समजलं. आता शेवटचं. डहाळीसकट बांधून नेल्या तर शेंगा टवटवीत राहतात, म्हणून तसंच नेणार आहोत. त्या बांधलेल्या झाडांना जुडी म्हणू की पेंढी?

मुनगा
मेथीची जुडी, कडब्याची पेंढी. तुम्ही माणसांना विकताय ना? मग जुडी.